समोरच्याचं कडवं

मुकादमाने हजेरीची वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि म्हणाला, ‘‘उद्यापासून यायचं नाही.’’ समोरची बाई काही बोलणार, इतक्यात मागच्या सतरंजीवरून आवाज आला, ‘‘थांबा!’’

पुण्यातल्या एका कामगार वस्तीतलं समाजमंदिर, रविवारची संध्याकाळ. नाटक जेमतेम पंधरा मिनिटांचं. ठेकेदाराकडे झाडूकाम करणारी एक बाई मुकादमाकडे हातमोजे आणि पगाराची पावती मागते आणि काम गमावून बसते, एवढंच त्यात घडतं. एकदा ते सरळ करून दाखवलं. मग सूत्रधार मुलीने विचारलं, ‘‘असं होतं का?’’ चारपाच जणी एकदम म्हणाल्या, ‘‘रोज होतं.’’ ‘‘मग आता पहिल्यापासून पुन्हा करतो. या बाईने इथे वेगळं वागायला हवं होतं असं वाटलं की ‘थांबा’ म्हणायचं, तिच्या जागी येऊन उभं राहायचं आणि करून दाखवायचं. नुसतं सांगायचं नाही.’’

पहिला उठला तो एक तरुण. छाती काढून म्हणाला, पेपरात बातमी देतो. मुकादम शांतपणे म्हणाला, ‘‘दे की. पण आधी बघ, तुझं नाव हजेरीवर आहे का.’’ तरुण गप्प झाला, कारण ठेकेदाराच्या वहीत निम्मी नावं नसतात हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मग पन्नाशीच्या एक बाई आल्या. त्या मुकादमाशी बोलल्याच नाहीत. बाजूला चहा पीत बसलेल्या कामगारांच्या पात्रांकडे वळून म्हणाल्या, ‘‘तुम्ही काय तमाशा बघता? पावती काय मी एकटीनेच मागायची?’’ त्यातला एक पुटपुटला, ‘‘वहिनी, माझा गाडीचा हप्ता आहे.’’ दुसऱ्याने मान खाली घातली. बाईंनी दोघांनाही हाताला धरून उभं केलं. मुकादम म्हणाला, ‘‘बरं. मग सगळ्यांचेच दोन-दोन खाडे लावतो.’’ हॉलमध्ये एकच गलका झाला.

गलक्यात एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, मी मुकादम होतो आणि हातमोजे देऊन टाकतो, विषय मिटला. सूत्रधाराने त्यांना थांबवलं. दाबणाऱ्याची जागा घेऊन त्याला देवमाणूस करता येत नाही, असा या खेळाचा नियम आहे, कारण उद्या कामावर गेल्यावर खरा मुकादम देवमाणूस झालेला नसणार. पण म्हाताऱ्यांच्या मनात दुसरंच होतं. ‘‘मुकादमाचंही ऐका की. त्याला ठेकेदार हातमोजे देत नाही, तर तो कुठून आणणार?’’ यावर जो वाद पेटला तो नाटकापेक्षा लांबला. सूत्रधाराने मुकादमाला खुर्चीवर बसवलं आणि लोकांना सांगितलं, विचारा त्याला काय विचारायचं ते. भूमिका न सोडता तो उत्तरं देत गेला. गाडीचे फेरे मोजून त्याचेही पैसे कापतात. तोही ठेक्यावरच आहे. वर तक्रार गेली की पहिला तोच जातो. ऐकता ऐकता प्रश्नांचं तोंड मुकादमावरून ठेकेदाराकडे आणि ठेकेदारावरून महापालिकेकडे वळलं. युनियनचं काम करणाऱ्या एका ताईंनी तिथे तोंड उघडलं: कायद्याप्रमाणे ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, आणि इथे मूळ मालक महापालिका आहे. हेच त्यांनी सभेत सांगितलं असतं तर माना डोलल्या असत्या. इथे तीनचार जणींनी ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

मुकादमाचं काम करणारा माणूस स्वतः घंटागाडीवर काम करतो. प्रयोगानंतर मी त्याला म्हटलं, तुम्ही फारच चिवट निघालात. तो म्हणाला, ‘‘ताई, मी इथे नीट अडवलं नाही तर ते उद्या तिथे जाऊन फसतील.’’

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘वाद आणि संवाद’ हा विषय धरला आणि चळवळीच्या कलेत या दोहोंचं काय होतं ते पाहून या, असं सांगितलं. जिथे गेले तिथे मला या माणसाचं वाक्य आठवत राहिलं. चळवळीतल्या गाण्यात, नाटकात, जलशात विरोधकाला किती नीट बोलू दिलं आहे यावर त्या कलेची ताकद ठरते, असं माझं मत झालं आहे. पुढे जे सांगणार आहे ते या मताच्या बाजूचं आहे, आणि ते कुठे तोकडं पडतं याचंही.

डफ दोघांच्या हातात

मराठी मुलखात गाण्यातून भांडण्याची रीत चळवळींच्या कितीतरी आधीची आहे. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर समोरासमोर फड लावत. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एकाने कवनातून कूट घालायचं, दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच वजनात उत्तर द्यायचं. उत्तर देता आलं नाही तर भर सभेत हार. कोकणातले शक्ती-तुऱ्याचे सामने आजही मुंबईतल्या नाट्यगृहांत तिकीट लावून होतात आणि चाकरमानी ते रात्र रात्र जागवतात. या सामन्यांत प्रेक्षकाचा कान तयार होतो. आपल्या बाजूचा शाहीर लंगडा पडला तर त्याच्याच गावचे लोक त्याला ते तोंडावर सांगतात. ही सवय फार मोलाची आहे, आणि पुढे जलशांना ती आयती मिळाली.

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं आणि छापून यायला त्याला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. गरोदर कुणबी बाईला ग्रहदशेची भीती घालून जोशी तिच्या घरातलं धान्य, पैसा काढून घेतो, अशी त्याची गोष्ट. आज वाचतानाही चकित व्हायला होतं ते जोशाच्या बोलण्याने. तो गोड बोलतो, हळूहळू घाबरवतो, मध्येच माघार घेतो, पुन्हा पुढे सरकतो. बाई का फसली हे वाचणाऱ्याला आतून कळतं, तिच्या भोळेपणावर हसून मोकळं होता येत नाही. मध्ये मध्ये विदूषक येऊन प्रेक्षकांशी बोलतो आणि जोशाची चाल उघडी करतो. याच नाटकातल्या पाद्र्याचं पारडं मात्र मला फार सहज जड झालेलं वाटतं. त्याला म्हणावं तसं कोणी अडवत नाही, आणि नाटक तिथेच जरा सैल पडतं. पुढे १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहितानाही फुल्यांनी धोंडिबा आणि जोतीराव यांचा संवादच रचला. व्याख्यान देता आलं असतं, पण त्यांनी शंका विचारणारा माणूस समोर बसवला.

सत्यशोधक जलशांनी तमाशाचा सांगाडा तसाच ठेवला. गण, बतावणी, वग, सगळं ओळखीचं. माल बदलला. शृंगाराच्या जागी सावकार, भटजी, कुलकर्णी यांच्याशी झडणाऱ्या चकमकी आल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोनतीन दशकांत पुणे, सातारा, कोल्हापूर भागातल्या खेड्यांत हे फड फिरले. बतावणी हा त्यांचा जीव. तिथे संहिता नसते. सोंगाड्या समोर बसलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलतो, तो माणूस उलट बोलतो, आणि त्या उलट बोलण्यातून पुढचं वाक्य निघतं. अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा अण्णाभाऊंनी हाच सांगाडा घेतला. गिरणगावाला पाठ असलेल्या तमाशात त्यांनी गिरणगावाचीच भांडणं आणली. सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशावरही त्या काळात बंदी आली होती. मग ‘लोकनाट्य’ या नावाखाली तोच ऐवज पुन्हा लोकांसमोर आला.

महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. या पूर्वपरवानगीला अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. बतावणीचा विचार करताना या नियमाची अडचण विशेष जाणवते. प्रेक्षकाने उठून काय विचारावं आणि त्याला काय उत्तर मिळावं हे आधी लिहून कुठे देणार? समाजमंदिरातल्या त्या नाटकाची खरी संहिता तर त्या संध्याकाळीच, लोकांच्या तोंडून तयार झाली.

घरातलं भांडण

आंबेडकरी जलशांबद्दल बोलताना आपण सहसा मंदिरप्रवेश, पाणवठा, सवर्णांची अरेरावी यांच्याबद्दल बोलतो. भीमराव कर्डकांच्या जलशासारखे फड १९३० च्या दशकात गावोगाव फिरत होते तेव्हा नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह ताजा होता, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण या जलशांतलं जास्त अवघड भांडण आपल्याच वस्तीशी होतं. मेलेलं ढोर ओढायचं नाही, त्याचं मांस खायचं नाही, पोराला शाळेत घालायचं, पोरगी मुरळी म्हणून सोडायची नाही, दारू सोडायची. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना यातली प्रत्येक गोष्ट घरात घुसून केलेली लुडबुड वाटत होती. ढोर ओढायचं सोडलं तर बलुतं जाणार आणि बलुतं गेलं तर खायचं काय, हा त्यांचा सवाल खोटा नव्हता. म्हणून जलशात जुन्या वळणाचा एक म्हातारा असायचा, शिकलेला एक तरुण असायचा, आणि त्यांची जुंपायची. म्हाताऱ्याचं म्हणणं थट्टेवारी नेलं असतं तर लोक उठून गेले असते.

मुंबईत एका वस्तीत सत्तरीच्या एका शाहिरांकडे बसले होते. भिंतीवर ढोलकी, कोपऱ्यात हार्मोनियमची पेटी, बाहेर नातवंडांचा दंगा. लहानपणी वडिलांच्या जलशात ते झील धरायचे. ते म्हणाले, ‘‘म्हाताऱ्याचं काम वडील करायचे. लोक तरुणाला टाळ्या द्यायचे, पण घरी जाताना वडिलांशी भांडत जायचे. मला तेव्हा कळायचं नाही. आता कळतं, भांडत गेले म्हणजे घरी जाऊन बायकोशी बोलणार.’’ आजच्या कार्यक्रमांबद्दल विचारलं तर ते जरा वेळ थांबले. ‘‘आता चौदा एप्रिलला समोर सगळे आपलेच. आपण म्हणतो, आपणच टाळ्या देतो. गाणी वाईट नाहीत हो. पण त्यांना उलट विचारणारा कोणी उरला नाही.’’ त्यांचं म्हणणं मला पटलं. पोरांना ढोलकीपेक्षा डीजे आवडतो अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते, पण ती वरवरची आहे. अडवणाराच समोर नसेल तर ढोलकीही त्याच त्या कौतुकाच्या ठेक्यावर वाजत राहणार.

स्त्रीमुक्ती संघटनेसाठी ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेल्या ‘मुलगी झाली हो’ची गोष्ट याच वाटेवरची आहे. १९८३ मध्ये ते रंगमंचावर आलं. ओव्या, लोकगीतांच्या चाली, थोडंसं नेपथ्य, कुठेही करता येईल असं नाटक. मुलगी नको म्हणणारी सासू त्यात आहे आणि तिचं नकोपण कुठून आलं हेही आहे. संघटनेने नाटकाइतकंच महत्त्व नंतरच्या बोलण्याला दिलं. प्रयोग संपल्यावर सामान आवरताना बायका मागे रेंगाळत आणि आपलं सांगू लागत. पुढे संघटनेची समुपदेशन केंद्रं उभी राहिली.

विर्जिलिओचा सवाल

समाजमंदिरातला खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला तो ऑगस्टो बोआल ब्राझीलचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला साओ पावलोच्या अरेना नाट्यसंस्थेबरोबर तो देशाच्या ईशान्य भागातल्या गरीब शेतकऱ्यांपुढे नाटकं करत फिरत होता. जमीनदारांविरुद्ध उठा, जमिनीसाठी रक्त सांडा, असा नाटकांचा सूर. नट शेतकऱ्यांच्या वेशात, हातात बंदुका, शेवटी मुठी वळून गाणं. अशाच एका प्रयोगानंतर विर्जिलिओ नावाचा शेतकरी डोळे भरून पुढे आला. म्हणाला, तुम्ही आमच्यासारखाच विचार करता, तर आधी जेवून घेऊ, मग तुमच्या बंदुका घेऊन जमीनदाराच्या गुंडांना हाकलायला एकत्र जाऊ. नट गडबडले. बंदुका खोट्या आहेत, त्यातून गोळी सुटत नाही, असं त्यांनी सांगितलं. विर्जिलिओ म्हणाला, हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही नुसते चला. तेव्हा त्यांना कबूल करावं लागलं की आम्ही खरे कलावंत आहोत, खरे शेतकरी नाही. विर्जिलिओने मग विचारलं, म्हणजे तुम्ही ज्या रक्ताबद्दल गात होता ते आमचंच होतं, तुमचं नव्हतं?

ही हकीकत बोआलने स्वतःच लिहून ठेवली आहे. ज्यात आपण स्वतः जोखीम घेणार नाही असा उपदेश पुन्हा करायचा नाही, हे त्याने त्यातून घेतलं. १९७१ मध्ये लष्करी राजवटीने त्याला पकडलं, छळलं, मग तो देशाबाहेर पडला. पेरूमध्ये १९७३ साली साक्षरतेच्या कामात असताना तो प्रेक्षकांकडून सूचना घेऊन प्रसंग पुढे नेत असे. तिथल्या एका प्रसंगात नवरा फसवणारा निघतो. बायकोला वाचता येत नाही. नवऱ्याने जपायला दिलेले कागद घराच्या पैशाच्या पावत्या आहेत असं तिला वाटत असतं, प्रत्यक्षात ती दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं असतात. नवरा परत आल्यावर तिने काय करावं? प्रेक्षकांतली एक धिप्पाड बाई म्हणाली, तिने त्याच्याशी स्पष्ट बोलावं. नटीने बोलून दाखवलं. बाई म्हणाली, हे नाही. पुन्हा केलं. तरी नाही. वैतागून बोआल तिला म्हणाला, तुम्हीच वर या. ती वर आली, झाडूचा दांडा उचलला, नवरा झालेल्या नटाला बदडून काढलं आणि मग त्याला माफ करून जेवण आणायला पाठवलं. तिच्या मनातलं ‘स्पष्ट बोलणं’ असं होतं. ते तिच्या वतीने दुसऱ्या कोणालाही करता येणार नव्हतं. फोरम थिएटरचा, म्हणजे समाजमंदिरातल्या त्या खेळाचा, पाया तिथे पडला. पुढे बोआल रिओच्या नगरसभेवर निवडून आला आणि १९९३ ते १९९६ या काळात अशाच प्रयोगांतून निघालेल्या मागण्यांचे तेरा कायदे त्याने करून घेतले. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये संजय गांगुलींनी १९८५ साली सुरू केलेल्या जनसंस्कृतीने हा खेळ खेड्यापाड्यांत रुजवला.

विर्जिलिओचा सवाल मला मराठी चळवळीच्या कलेसमोरही उभा दिसतो. कोणाच्या रक्ताचं गाणं कोण म्हणतो? याचं एक उत्तर पुण्यातच दिलं गेलं. गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ हे जोतीरावांवरचं नाटक दिल्लीच्या जन नाट्य मंचाने हिंदीत केलं होतं. अतुल पेठे यांनी ते २०१२ मध्ये मराठीत केलं, तेव्हा त्यात पुणे महानगरपालिकेचे सफाई कामगार उभे केले. पाठीशी महापालिका कामगार युनियन होती. पहाटे झाडू मारून आलेली माणसं संध्याकाळी एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यातला वाद बोलत होती. जोतीरावांच्या विरोधकांची वाक्यंही त्यांच्याच तोंडी होती. आपल्याला खालचं मानणाऱ्याची भाषा आपल्याच तोंडाने पूर्ण ताकदीने बोलायची, हे किती अवघड असेल!

फळी आतून भंगते तेव्हा

वर मी जे मत मांडलं त्याची कसोटी इथून पुढे लागते. समोरच्याशी भांडण रंगमंचावर मांडता येतं, सोबत्याशी असलेलं भांडण कुठे मांडायचं?

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचं सकाळी दिसलं, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. घोगरे आव्हान नाट्य मंचाचे, डाव्या चळवळीत वाढलेले, बुलंद आवाजाचे. मंचाने त्यांना आधीच दूर केलं होतं. शेवटी त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं चित्रीकरण करून २०११ मध्ये पूर्ण केलेला ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट तिथून सुरू होतो. लाल आणि निळ्यामधला, वर्ग आणि जात यांमधला झगडा या चळवळींत अनेक दशकं होता. बैठकींत, ठरावांत, पत्रकांत तो आला. गाण्यात मात्र तो क्वचित आला, कारण गाणं एकजुटीसाठी असतं असा सगळ्यांचा समज होता. घोगऱ्यांच्या मनात एकटेपणी जे चाललं असेल ते मंचावर कोणी सवाल-जवाब म्हणून घेतलं असतं तर काय झालं असतं, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण आतला वाद मिटवून टाकण्याची घाई आपल्या संघटनांना महागात पडली आहे, असं मला मनापासून वाटतं.

समोरून लाठी आली तर

दुसरी मर्यादा उघड आहे. समोरच्याला बोलायचंच नसेल तर?

१ जानेवारी १९८९. दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर गावात जन नाट्य मंच ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य करत होता. किमान वेतनासाठी आदल्या नोव्हेंबरात झालेल्या कामगारांच्या सात दिवसांच्या संपावरचं नाटक. नगरपालिकेच्या निवडणुकीचे दिवस. काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या उमेदवाराची मिरवणूक तिथे आली आणि वाट मागू लागली. सफदर हाश्मी पुढे झाले आणि जरा थांबा, नाहीतर दुसऱ्या वाटेने जा, असं त्यांना सांगितलं. त्यांचं शेवटचं सार्वजनिक बोलणं म्हणजे हा एवढा संवाद. थोड्याच वेळात लाठ्या, सळ्या घेऊन हल्ला झाला. रामबहादूर नावाचा कामगार मारला गेला. सफदर दुसऱ्या दिवशी गेले, वय चौतीस. ४ जानेवारीला त्यांची पत्नी मलयश्री आणि सोबती त्याच जागी परतले आणि अर्धं राहिलेलं नाटक त्यांनी पूर्ण केलं. त्या पथकात गो. पुं.चे चिरंजीव सुधन्वा देशपांडे होते. त्यांनीच पुढे ‘सत्यशोधक’चा हिंदी प्रयोग बसवला.

आपल्याकडे लाठीऐवजी बहुतेकदा कागद येतो. गुजरातमधल्या २००२ च्या हिंसेनंतर पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांवर २०११ मध्ये माओवाद्यांशी संबंध असल्याचे आरोप झाले. शीतल साठे आणि सचिन माळी २०१३ च्या एप्रिलमध्ये विधानभवनासमोर येऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतल तेव्हा गरोदर होती. सचिन माळीसह तिघांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला २०१७ उजाडलं. मंचाच्या तिघांना २०२० मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झाली. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटात एका शाहिरावर खटला चालतो: त्याच्या गाण्याने मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराला मरायला उद्युक्त केलं, असा आरोप. शाहिराचं काम वीरा साथीदार यांनी केलं होतं, ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. गाणी संभाजी भगत यांची. चित्रपटात वकीलबाई कायद्याची कलमं सपाट आवाजात वाचत जातात, ते ऐकताना अंगावर काटा येतो. गाण्याला तिथे उत्तर देत नाहीत, त्याची नोंद करतात. शाहिराने घातलेलं कूट सोडवायला समोर कोणी उभंच राहत नाही.

दोन शाहीर, एक जिरेटोप

तरीही या काळात ज्या नाटकाने सर्वांत लांबचा पल्ला गाठला ते विरोधकाशी बोलणारंच होतं. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये आलं. कल्पना आणि गाणी संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. कलावंत बरेचसे जालना जिल्ह्यातले, शेतीभातीतून आलेले. यमाच्या हातून महाराजांचा जिरेटोप पृथ्वीवर हरवतो आणि तो शोधता शोधता गोष्ट आजच्या वस्तीत येते. शिवाजी कोणाचा, यावर शेवटी दोन बाजूंच्या शाहिरांची जुगलबंदी होते. महाराष्ट्रात या विषयावर तोंड उघडणं म्हणजे निखाऱ्यावर पाय. नाटकाने निखारा टाळला नाही, पण शिवाजी महाराजांवर जीव असलेल्या प्रेक्षकाला त्याने हिणवलंही नाही. आपल्या राजावर प्रेम करत करतच तो प्रश्नापाशी येऊन पोचतो. जुन्या कलगी-तुऱ्याचा कान असलेल्या प्रेक्षकाला त्याच कानाने पकडण्याची ही युक्ती शंभर भाषणांना भारी आहे.

अजून न झालेलं उत्तर

हे नाटक पाहून वाढलेल्या काही पोरापोरींचं एक पथक मराठवाड्यातल्या एका गावी आहे. त्यांची तालीम शाळेच्या व्हरांड्यात होते. दोन ढोलक्या, एक हलगी, झांजा. मुलं मराठा आणि बौद्ध अशा दोन्ही आळ्यांतली आहेत. विषय त्यांनीच निवडला: आरक्षण. लिहिण्याची पद्धतही त्यांचीच. मराठा घरातल्या मुलाचं कडवं बौद्धवाड्यातल्या मुलाने लिहायचं, आणि बौद्धवाड्यातल्या मुलाचं मराठा घरातल्या मुलाने.

मी गेले तेव्हा पहिलं कडवं तयार होतं. कोरडवाहू तीन एकर, सोयाबीनचा पडलेला भाव, बापाच्या नावावरचं पीककर्ज, भरतीच्या परीक्षेत थोड्या गुणांनी हुकलेला नंबर आणि शेजारच्या वाड्यातल्या मित्राचं यादीत आलेलं नाव. बौद्धवाड्यातल्या मुलाने ते इतकं आतून लिहिलं होतं की म्हणणाऱ्याचा गळा दाटला. पथकाला शिकवणारे मामा अस्वस्थ झाले. ‘‘फार भारी झालंय हे. लोक यालाच टाळ्या देतील. आपलं उत्तर वाहून जाईल.’’ झांज वाजवणारी मुलगी म्हणाली, ‘‘मग मामा, उत्तर भारी करू. याला कशाला हलकं करायचं?’’

उत्तराचं कडवं मराठा मुलाकडे होतं. त्याने कडव्यात रखडलेली शिष्यवृत्ती घेतली होती, रिकाम्या ठेवलेल्या जागा आणि ठेक्यावरची भरती घेतली होती. त्याच्या मित्राला त्यात आपली आजी हवी होती, जिला ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. ज्या घराच्या ओट्यासमोर ती उभी राहायची ते घर या मुलाच्या चुलत आजोबांचं. ‘‘तेवढं नको,’’ तो म्हणाला. ‘‘तेवढंच हवं,’’ मित्र म्हणाला. दोघं बोलायचे थांबले. मामांनी तालीम थांबवली नाही. हलगीवाल्याला ठेका धरून ठेवायला सांगितला आणि दोघांना म्हणाले, ‘‘गाण्यात बोला. तू का नको म्हणतोस ते एक ओळ, तू का हवं म्हणतोस ते एक ओळ. आवडलं तर ठेवू.’’ चार ओळी झाल्या. त्यातल्या दोन राहिल्या. आजी राहिली, घराचं नाव राहिलं नाही, आणि त्यावर दोघंही पूर्ण खूश नव्हते.

प्रयोग दोन्ही आळ्यांच्या मधल्या चौकात करायचं ठरलं आहे. सरपंचांनी होकार दिला, पण एका अटीवर: पोवाडा म्हणा, सवाल-जवाब नको. निम्म्या पथकाचं मत पडलं की प्रयोग दुसऱ्या गावी न्यावा, तिथे आपली माणसं आहेत. झांज वाजवणाऱ्या मुलीने फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ‘‘काका, आम्ही पोवाडाच म्हणतो. पण अफझलखानाच्या पोवाड्यात खान बोलतो की नाही? आमच्यातही दोघं बोलतील.’’ पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग सरपंच म्हणाले, शनिवारी तालमीला येतो, ऐकतो आणि मग काय ते सांगतो. फोन ठेवल्यावर मामा म्हणाले, ‘‘येऊ द्या. आणि आले की त्यांनाच विचारू, यात कोणाचं कडवं कच्चं वाटतं.’’ तिसरं कडवं अजून लिहायचं होतं. कोण कोणाचं लिहिणार यावर व्हरांड्यात पुन्हा भांडण सुरू झालं.